जखमी जवानांसाठी राइड काढली, पण यंदा लीडला आम्ही नव्हतो

खडकीकर_३५०

मंडळी, रविवारी, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या मुहूर्तावर आमची पुणे ते अपशिंगे (साताऱ्याजवळचं फौजींचं गाव) राइड झाली. वृत्तांत लिहितोच, पण आधी गेल्या वर्षीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय यंदाचं कळणार नाही.

गेल्या वर्षी एकावन्न गाड्या होत्या. सगळ्यांना टी-शर्ट, मागच्या सीटला तिरंगा, चौकात फ्लेक्स, वर ड्रोन. जखमी जवान राहतात अशा एका संस्थेत गेलो. नाव घेत नाही, त्यांची काही चूक नव्हती, सगळी आमचीच होती. गेटपाशी सगळ्यांनी एकदम रेस दिली. निम्म्या बुलेटना इंदोरी, म्हणजे कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावलेले. व्हरांड्यात व्हीलचेअरवर बसलेल्या एकानं दोन्ही कानांवर हात दाबले. आम्हाला वाटलं, गंमत करतोय.

मग शाल, श्रीफळ, केळी. प्रत्येकाच्या मांडीवर अर्धा डझन केळी ठेवायची आणि फोटो काढायचा. एक जण हसत म्हणाला, "या आठवड्यातली ही तिसरी केळी, साहेब. सोमवारी कुणी पेरू आणले तर बरं होईल." निघताना हाच माणूस चाक ढकलत माझ्या गाडीपाशी आला आणि टाकीवरून हात फिरवला. म्हणाला, "मी सिग्नल्समध्ये डीआर होतो." डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर, निरोप घेऊन मोटारसायकलवरून जाणारा. आठ वर्षं बुलेटच चालवली म्हणे. मग विचारलं, "एक चक्कर मारता येईल का मागं बसून?"

एकावन्न गाड्या होत्या आणि त्याला बसवायला एकही तयार झाला नाही. कसं बसवायचं, पाय कुठं ठेवायचे, पडला तर काय? "पुढच्या वेळी नक्की" म्हणालो आणि मिसळ खायला गेलो.

हिशोबही सांगून टाकतो. प्रत्येकी ७०० प्रमाणे ३५,७०० जमले होते. टी-शर्ट, फ्लेक्स, ड्रोन आणि नाश्ता वजा जाता उरले ६,२००. त्यातून शाली आणि ती केळी.

वर्षभर ती चक्कर डोक्यात राहिली. यंदा ठरवलं की टी-शर्ट नाही, ड्रोन नाही, इंदोरीवाल्याला प्रवेश नाही. (यावरून तेरा जण गळाले. गळू देत.) आणि आधी जाऊन विचारायचं, काय पाहिजे? साताऱ्याकडच्या चार माजी सैनिकांशी ओळख निघाली. चौघंही साइड व्हील लावलेल्या स्कूटर चालवतात. त्यांच्या ओळखीतून यादी आली: व्हीलचेअरसाठी दोन चांगल्या गाद्या, एका घराच्या पायऱ्यांवर रॅम्प, एका स्कूटरला साइड व्हील. केळी यादीत नव्हती. पैसे कमी पडतील असं वाटत होतं, पण पुरले.

पहाटे पावणेसहाला पुणे कॅन्टोन्मेंटमधल्या युद्धस्मारकापासून निघालो. ते स्मारक १९९८ साली पुणेकरांनी वर्गणी काढून उभं केलंय, हे आमच्यातल्या निम्म्यांना तिथं उभं असताना कळलं. अडतीस गाड्या, स्टॅगर्डमध्ये (एक डावीकडं, एक उजवीकडं), पुढे लीड, मागे स्वीप, म्हणजे सगळ्यांवर लक्ष ठेवणारा शेवटचा. खेड शिवापूरपर्यंत बोटं बधिर झाली होती. खंबाटकीच्या घाटात धुकं होतं, चढावर एक जण लेन सोडून पुढं घुसला, त्याला उतरून दोन शब्द सुनावले. बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, हायवे हा हायवे असतो.

नागठाण्याजवळ हायवे सोडला. तिथं त्या चार स्कूटर उभ्या होत्या. इथून पुढची लीड त्यांची. स्पीड तीस. बुलेट दुसऱ्या-तिसऱ्यात गुरगुरत होत्या, दोन गाड्या तापल्या, एकीची क्लच केबल गेली आणि उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आम्हाला ओव्हरटेक करून गेला. ड्रायव्हर वळून वळून बघत होता, एवढ्या मोठ्या गाड्या तीन-चाकी स्कूटरच्या मागं कशा. पुढच्या चौघांपैकी एकानं डावा हात वर करून थांबायची खूण केली. आमच्या लीडपेक्षा स्वच्छ खूण. सगळी रांग एका दमात थांबली.

अपशिंग्यात गावकरी उभे होते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण गेले. त्यांच्या नावाच्या स्मारकापाशी चौघांनी स्कूटरवर बसूनच सलाम केला. भाषण झालं नाही.

एक मात्र राहिलं. डीआरसाहेब यंदा येऊ शकले नाहीत. फोनवर म्हणाले, "चक्कर उधार राहिली तुमच्याकडं."

---

पेठेतला_म्हातारा

वृत्तांत छान. पण एक बाळबोध शंका. अडतीस गाड्या पुणे-सातारा जाऊन-येऊन जेवढं पेट्रोल पितात, तेवढे पैसे थेट ध्वजदिन निधीत भरले असते तर? पावती मिळते, प्राप्तिकरात ८०जीखाली सूट मिळते, घाटात कुणाला उतरून सुनवावं लागत नाही. कुणाचं भलं करायला स्वतःला वारा लागलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

---

खडकीकर_३५०

काका, मुद्दा बिनतोड आहे. गेल्या वर्षीच्या राइडबद्दल तुम्ही हे लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. ध्वजदिन निधीत अडतीस जणांनी वेगळे पैसे भरलेत, पावत्या ग्रुपवर आहेत. पेट्रोल आम्ही तसंही जाळतो, दर रविवारी, नुसत्या वडापावासाठी.

---

माजी_सुभेदार

जय हिंद.

ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला असतो. लहानपणी शाळेत छोटा झेंडा छातीला टाचणीनं लावायचे, चार आणे द्यायचे. आता तो झेंडा कुणी बघितला का सांगा.

मी स्वतः पुण्यात कृत्रिम अवयव केंद्रात सहा महिने काढलेत. डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे केंद्र १९४४ सालचं, दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं. खडकीची जखमी सैनिकांना काम शिकवणारी संस्था, क्वीन मेरी, त्याहून जुनी. १९१७ साली मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनच्या बायकोनं जखमी हिंदी सैनिकांना हातकाम शिकवायला ती काढली आणि नंतर ती खडकीला आली. पाठीच्या कण्याला मार लागलेल्यांचं खडकीचं केंद्र १९७४ पासूनचं. पुणेकर या सगळ्यांच्या बाहेरून रोज जातात.

तिथं पाय बसवला त्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा नागा जवान म्हणाला, "उस्ताद, चलना तो आएगा, दौडना कब सिखाएँगे?" तेव्हा हसलो होतो. पुढं होकाटो सेमाचं नाव पेपरात वाचलं. तोही नागालँडचा. २००२ साली काश्मीरमध्ये सुरुंगावर पाय गेला, खडकीच्या बीईजीत, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर केंद्रात, गोळाफेक शिकला आणि २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटर टाकून ब्राँझ आणलं. माझ्या शेजारचा तो नव्हे, पण जात तीच.

आणि मुरलीकांत पेटकर तर आपल्या सांगलीकडचे, पेठ गावचे. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात होते, ६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात. मूळचा बॉक्सर. नंतर पाण्यात उतरला आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण. देशाचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

खडकीकर, सायलेन्सरचं केलंत ते बरं केलंत. त्या माणसानं कान का दाबले ते मला विचारा. बंद जागेत स्फोट ऐकलेल्या माणसाच्या कानात कित्येकदा आयुष्यभर शिट्टी वाजत राहते.

---

फिजिओ_अनघा

धागा वाचून राहवलं नाही. मी पंधरा वर्षं मणक्याच्या दुखापतीच्या पेशंटबरोबर काम करते. तुमचे डीआरसाहेब का आले नाहीत? प्रेशर सोर का?

---

खडकीकर_३५०

हो ताई! कसं ओळखलंत? बैठकीवर जखम झाली. पोटावर झोपवलंय, तीन आठवडे झाले. फोनवर हसत होते, पण...

---

फिजिओ_अनघा

ओळखायला काही लागत नाही, दहातले निम्मे कार्यक्रम यामुळेच चुकतात. कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे आपण जशी नकळत कूस बदलतो, बूड हलवतो तसं होत नाही. एकाच जागी दाब राहिला की रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलावं लागतं. यादीत गाद्या का होत्या ते आता कळलं असेल.

साहेबांना चक्कर मारायचीच असेल तर काही गोष्टी लिहून ठेवा. मागच्या सीटवर बसवताना सगळ्यात मोठा धोका पडण्याचा नाही, सायलेन्सरचा आहे. पोटरी तापलेल्या पाइपला लागली तर त्यांना कळणारच नाही. घरी गेल्यावर पँट काढताना फोड दिसतो. असे दोन पेशंट मी पाहिलेत. पाय फूटरेस्टवरून घसरतात, मध्येच स्नायू आखडून झटका येतो. पट्ट्यानं बांधावं तर पडल्यावर सुटत नाहीत. म्हणून बाइकच्या मागं नकोच. साइडकार शोधा. तीत चांगली गादी, पाठीला आधार आणि छातीला पट्टा.

दुसरं, उन्हाचं. दुखापतीच्या पातळीखाली नीट घाम येत नाही, शरीर तापत जातं. डिसेंबर ठीक आहे. मे महिन्यात कुणी "सैनिक सन्मान राइड" काढली तर मी स्वतः येऊन चाव्या काढून घेईन.

तिसरं, लघवीची पिशवी. भरली की रिकामी करावी लागते, तुंबली तर मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात कण्याला इजा असलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर एकदम चढतं, डोकं फुटेल असं दुखतं. तेव्हा "पाच मिनिटांत पोचतोय" हे उत्तर चालत नाही. दर तासाला थांबा आणि व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह आधी बघून ठेवा. दार कमीत कमी तीन फूट मोकळं. टेप घेऊन जा, नजरेनं मोजू नका.

---

सातारी_तडका

आमच्या गावाकडं आलता आन् आम्हाला सांगितलं न्हाय? मी अपशिंग्यापासनं दोन गावं सोडून ऱ्हातो. उसाचा ट्रॅक्टर बहुतेक माझ्या चुलत्याचाच आसल, संध्याकाळी घरी येऊन सांगत हुता, "आज फटफट्यांची दिंडी बघितली, आन् पालखी म्होरं स्कूटरवर."

आमच्याकडं फौजी म्हंजे नवल न्हाय. घरटी एक तरी हाय. पण पाय गेलेला फौजी घरी आला की पयले सा म्हैने गर्दी, मग कुणी फिरकत न्हाय. त्येला ग्रामपंचायतीत चढायला पायऱ्या सात. झेंडावंदनाला त्योच खाली उभा, म्हंजे बसलेला. रॅम्प टाका म्हणून सांगून सांगून तोंड दुखलं. तुमी घरापुढं रॅम्प टाकला ते बेस, पण फुडच्या टायमाला तेवढं ग्रामपंचायतीचं बघा की.

---

जर्सीवाला_अण्णा

इथं अमेरिकेत मेमोरियल डेच्या शनिवार-रविवारी वॉशिंग्टनमध्ये अशी राइड व्हायची. 'रोलिंग थंडर', १९८८ पासून. व्हिएतनाममधून न परतलेल्या आणि युद्धकैदी झालेल्यांसाठी सुरू झाली. पेंटागॉनच्या पार्किंगमधून निघायची. मी दोनदा फुटपाथवर उभा राहून बघितली. पाय नसलेले, हातानं सगळे कंट्रोल असलेल्या तीन-चाकी मोटारसायकली चालवणारे म्हातारे फौजी रांगेत सगळ्यांसारखेच. त्यांच्याकडे बघून कुणी टाळ्या जास्त वाजवल्या नाहीत, कमीही नाहीत. २०१९ ला ती राइड त्या नावानं थांबली, पुढं दुसऱ्या संघटनेनं वेगळ्या नावानं चालू ठेवली.

आवाजाच्या बाबतीत मात्र तिथले लोक तुमच्या इंदोरीवाल्यांचे थोरले भाऊ. सगळंच तिकडचं चांगलं असतं असं नाही.

---

सुनीता_पी

मी एका जखमी सैनिकाची बायको. नाव-गाव लिहीत नाही.

शाल आमच्याकडं अकरा आहेत. एकदा एका कार्यक्रमात यांना स्टेजवर बोलावलं. स्टेजला रॅम्प नव्हता. चार तरुणांनी खुर्चीसकट उचललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो पेपरात आला. घरी आल्यावर हे दोन दिवस बोलले नाहीत. उचलण्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या वृत्तांतात ते चौघं पुढं होते आणि हात वर केल्यावर सगळे थांबले, ते मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. परत वाचायला लावलं.

---

खडकीकर_३५०

ताई, काय लिहू. नमस्कार सांगा त्यांना.

---

व्ही_पंधरा

त्या राइडमध्ये मी होतो. तापलेल्या दोन गाड्यांत माझी नव्हती, हे नोंदवून ठेवतो. माझी बजाज व्ही १५, २०१६ ची. टाकीत आयएनएस विक्रांतच्या भंगाराचं पोलाद आहे, म्हणजे ७१ च्या लढाईतलं जहाज. गेल्या वर्षी हे मी सगळ्यांना सांगत फिरत होतो. यंदा चौघांपैकी एकाला सांगितलं. ते नौदलातले निघाले. टाकीवर टकटक केलं आणि म्हणाले, "विक्रांत एवढी हलकी नव्हती रे."

---

आरटीओत_चपला_झिजलेला

साइड व्हील बसवणाऱ्यांसाठी उपयोगाचं: नुसतं गॅरेजात किट लावून चालवू नका. आरटीओची परवानगी घेऊन आरसी बुकवर बदलाची नोंद करून घ्या. अपघात झाला आणि नोंद नसली तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. लायसन्सही त्या प्रकारच्या गाडीचं लागतं. माजी सैनिकाला अशा स्कूटरसाठी मदतीची योजना केंद्रीय सैनिक बोर्डाकडे आहे, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. आधी तो भरा. वर्गणी त्यात न बसणाऱ्यांसाठी वापरा.

---

खडकवासला_बाहेरून

एक गट या धाग्यात कुणालाच आठवला नाही. एनडीए किंवा आयएमए या लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमींत प्रशिक्षण चालू असताना जखमी होऊन बाहेर पडलेले कॅडेट. उडी मारताना, बॉक्सिंगमध्ये, घोड्यावरून पडून मान-कणा मोडलेले. वय एकोणीस, वीस. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळण्याआधी दुखापत झाली म्हणून त्यांना माजी सैनिक म्हणत नाहीत. त्यामुळे पेन्शन नाही, फक्त सानुग्रह रक्कम. १९८५ पासून असे सुमारे पाचशे आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर निदान ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेखाली उपचार मिळायला लागले.

माझा वर्गमित्र त्यातला एक. तो तुमच्या ध्वजदिनाच्या कुठल्याच यादीत नसतो. पुढच्या वर्षी यादी करताना माजी सैनिकाचं कार्ड बघू नका.

---

माजी_सुभेदार

बरोबर बोललात. आम्ही निदान लढून जखमी झालो, लोक विचारतात तरी. त्या पोराला "कुठली लढाई?" विचारलं तर तो काय सांगणार?

---

पेठेतला_म्हातारा

खडकीकर, पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच. साइडकारचं बघतो. आमच्या वाड्यात एकाकडे येझदीला लावलेली आहे, गेली वीस वर्षं तीत कुंड्या आहेत. तुळस दुसरीकडे हलवायला त्यांच्या सौभाग्यवती तयार झाल्या तर कळवतो.

---

तीन_चाकी_सातारा

नमस्कार. मी त्या चार स्कूटरवाल्यांपैकी एक. मुलानं धागा दाखवला, अकाउंट काढून दिलं. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

राइड झकास झाली. फक्त एक. परत निघताना सगळे चहाला थांबलात ना, ती टपरी ओट्यावर आहे. तीन पायऱ्या. तुम्ही अडतीस जण वर चहा पीत होता आणि आम्ही चौघं खाली स्कूटरवर. चहा आणून दिलात, बिस्किटंही दिलीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण गप्पा वर चालल्या होत्या. क्लच केबलचा किस्सा आम्हाला इथं वाचून कळला.

त्याच्याच समोर, रस्त्याच्या पलीकडं दुसरी टपरी आहे. तिथं पायरी नाही. चहा जरा पातळ असतो.

---

खडकीकर_३५०

साहेब, तोंडात मारल्यासारखं झालं. पुढचा चहा पलीकडं. येत्या रविवारी मी आणि व्ही_पंधरा टेप घेऊन रस्ता बघायला येतोय, स्वच्छतागृहांची दारं मोजायची आहेत आणि ग्रामपंचायतीच्या त्या सात पायऱ्याही. तुम्ही असाल का?

---

तीन_चाकी_सातारा

असतो. दहा वाजता. पातळ चहाच्या टपरीवर.